आरवतं कोण?

सेक्टर सतराच्या बसमध्ये माझ्या मागे दोघी मराठीत बोलत होत्या. एकीच्या मांडीवर झाकलेली टोपली होती.

"चारुशीलाताई, कोंबडी कुठे नेताय?"

"खरड गावाला, मैत्रिणीकडे सोडायला. बाल्कनीतल्या दोघींपैकी एक पहाटे आरवते. सोसायटीवाले म्हणाले, कोंबडा हटवा."

"मग हा कोंबडा आहे?"

"तेच कळत नाही गं. दोघी सारख्याच दिसतात. हिचा तुरा मोठा, म्हणून हिला उचललं. माझी लेक पूर्वी रडत होती, 'मम्मी, राणी को मत भेजो.'"

टोपलीत खडबड झाली. फडकं उचलल्याचा आवाज आला.

"अगं बाई! अंडं दिलं हिने!"

"म्हणजे कोंबडा घरीच राहिला?"

"उतरते मी. पूर्वी शाळेतून यायच्या आत हिला घरी पोचवते."

"आणि त्या दुसऱ्याचं काय?"

"त्याचं नाव सोनी आहे गं. पूर्वीला काय सांगू?"