भुऱ्याचा पाय अन् गोदाचा राग

हॅलो?... हॅलो, गोदा? ठेवू नको, ठेवू नको! मी बेबी बोलून राहिली... हो, ह्यायच्याच फोनवरून. आमचे मालक वावरात गेले, फोन खाटेवर इसरले. माहा नंबर तू उचलतच नाई, मंग काय करू?... अवं, कुंपणापाशी येऊन बोलली असती, पण मले पाहिलं का तू दार लावते... लावते! काल बी लावलं.

ऐक ना व... पंधरा दिवस झाले, मोजले मी. मंडईत बी तू पार टोकाले जाऊन बसते. माह्या वांग्यायच्या बाजूले आता तो चपलावाला बसून राहिला. दिवसभर बोलाले कोणी नाई... हासू नको... नाई हासली? बरं, नाई हासली.

भुऱ्याचं सांगाचं हाय... हो, तोच, आमच्या पोरानं, शुभमनं, अमरावतीहून आणलेला अल्सेशियन. सात महिन्याचा झाला, पण अंगानं वासरू हाय नुसतं. तो लंगडून राहिलता, त्यापायीच तं आपलं भांडण झालं... मी काय म्हटलं ते मालूम हाय मले! चार लोकात म्हटलं, ते बी मालूम हाय. तू हातात तुराटी घेऊन उभी, अन् हा तुह्या झेंडूतून लंगडत आला. मंग मले काय वाटन?... हो, हो... कोंबड्या हाकलून राहिलती तू. आता समजलं ना व मले.

कसं समजलं, तेच तं सांगून राहिली. तवा समोरचा डावा पाय होता ना? मी हयद-तेल लावून पट्टी बांधली. चार दिवसानं डावा बरा, अन् उजवा लंगडा... मी म्हटलं, पट्टी चुकीच्या पायाले बांधली का काय! मंग मागचा... खोटं नाई व, भुऱ्याची आन. ह्यायनं तं म्हटलं, नाटकं करून राहिला तो, वावरात जाचं नाई म्हणून.

काल नेला परतवाड्याले... जीपनं, मंग कशानं? सत्तावीस किलोचं धूड मांडीवर. जीपवाला म्हणे, याले टपावर बसवा. मी म्हटलं, तू बस टपावर... हो, तसंच म्हटलं.

डॉक्टरनं चारही पाय दाबून पाहिले, हाडायचा फोटो काढला. म्हणे, बाई, कोणी मारलं-बिरलं नाई याले. मोठ्या जातीचं पिल्लू हाय, झपाट्यानं वाढून राहिलं, म्हणून हाडं दुखतात. आज हा पाय, उद्या तो... हो, मोठा झाला का आपोआप बरं होते म्हणे. गोळ्या देल्या. धावू देऊ नका म्हणे बिलकुल.

मंग त्यानं इचारलं, याले खाऊ काय घालता... आता हासशीन तू. आमची म्हैस व्याली ना, तिच्या कॅल्शियमचा डबा हाय घरी. मी म्हटलं, म्हशीची हाडं बळकट होतात, तं याची बी होतीन. रोज एक झाकण, दुधात... हास, हास पोटभर! डॉक्टर नाई हासला. साऱ्यायसमोर झापलं मले. म्हणे, अशानं हाडं उलटी बिघडतात. कॅल्शियम एकदम बंद, खाणं मापात. अन् वजन पाहून म्हणे, एका घरचं खाऊन कुत्रं एवढं होत नाई...

हॅलो? काय पुटपुटून राहिली?... गोदा?... काय? तू?... कधीपासून?... अन् भांडणानंतर बी? रोज?... दूध-भाकर, अन् काय?... जोरानं बोल... तुह्या म्हशीचं कॅल्शियम बी? दोन झाकणं! बाप्पा बाप्पा! कुत्र्याचा बैल कराचा होता का तुले?... थांब, हासू दे मले आंधी.

...नाई व, हासून नाई राहिली आता. गोदा, मी तुले चार लोकात कुत्रंमारी म्हटलं, अन् तू त्याच सांजेले त्याले भाकर चारली?... हो, त्याचा काय कसूर... हो ना... ऐक. मी आता फोनवर सांगून राहिली, अन् उद्या मंडईत त्याच चार लोकायले बी सांगीन. चुकलं माहं. तुह्याबिगर मले करमत नाई. पंधरा दिवस अन्न गोड लागलं नाई, अन् मी म्हणत होती भाजीच बिघडली...

हॅलो?... कटला का?... गोदा? हॅलो?... कडी कोण वाजवून राहिलं व... आली, आली, उघडून राहिली... अवं माय! फोन कानाले लावूनच आली का तू?... डोये पूस आंधी... ए, भुऱ्या! भुऱ्या, धावू नको रे! डॉक्टरनं मना केलं... पाहा कसा निघाला तुह्याकडं! धर त्याले, गोदा! एका हातानं नाई धरल्या जात तो... ठेव ना व तो फोन!