‘हाय’ वाचलं म्हणून

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या, बसायला जागा आहे. दिलीपराव, तुमच्या घरचं माणूस गेलं; तुमच्यासमोर बोलताना माझी मान वर होत नाही. आपल्या केंद्रातल्या शाळांचे शिक्षक म्हणाले, गुरुजी, तुम्ही वयानं मोठे, तुम्हीच बोला. मी नको म्हणत होतो. का, ते आता सांगतो.

या फलकावर ‘दुःखद निधन’ लिहिलंय. संगीताबाईंचं निधन झालं नाही. त्यांना मारलं. डोक्यात दाराचा अडसर घातला, आणि तीन दिवसांनी दवाखान्यात त्या गेल्या. मारणारा नितीन आपल्याच गावचा.

सहा वर्षांपूर्वी बाई आपल्या शाळेत आल्या. तेव्हा मी तिसरीला वाचन शिकवायचो, ते पट्टीनं. कायद्यानं बंदी होती. मी दार लावून मारायचो. पुस्तकात ‘आहे’ असायचं, पोर वाचायचं ‘हाय’. ‘नाही’चं ‘नाय’. प्रत्येक ‘हाय’ला एक पट्टी. उभी, बोटांच्या पेरांवर. एकदा एका मुलाचं बोट फुटलं, रक्त पुस्तकावर सांडलं. मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, पान पूस आणि पुढे वाच.

बाई शेजारच्या वर्गातून धावत आल्या. माझं मनगट धरलं. मी त्यांना ढकललं, त्या फळ्यावर आपटल्या, तरी सोडेनात. पोरं रडत होती. मग अगदी हळू म्हणाल्या, “गुरुजी, त्यानं चुकीचं कुठं वाचलं? पुस्तकातलं त्याला कळलं, ते त्यानं घरच्या बोलीत सांगितलं. न कळता कुणी असं वाचेल का?”

मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी वर तक्रार केली असती, तर माझी नोकरी गेली असती. त्यांनी केली नाही. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “माझ्याही वर्गात निम्मी पोरं अडखळतात. शनिवारी माझा तास बघायला बसा, कुठं चुकते ते लिहून द्या. मग मी तुमचा बघेन.”

बसलो मागच्या बाकावर. बाईंनी पोरांना विचारलं, काल घरी काय झालं? एक पोरगी म्हणाली, आमी बोंबील वाळत घातले. बाईंनी ते तसंच फळ्यावर लिहिलं. ‘आमी’ला ‘आमी’च. पोरांनी धडाधडा वाचलं, आपलंच बोलणं ते! मग त्याखाली बाईंनी पुस्तकातलं वाक्य लिहिलं. दोन्हींत फरक काय, तो पोरांनीच शोधला. कुणाला मार बसला नाही, कुणी हसलं नाही.

माझ्या तासाबद्दल बाईंनी एकच ओळ लिहून दिली. तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तर यायच्या आत चिडता. खरं होतं.

पुढे दुसऱ्या शाळांतलेही, उमरोळीचे सर यायला लागले, एडवणच्या दोन बाई आल्या. आपण प्रशिक्षणाला जातो कशाला? सही करायला. मिळालेली पुस्तिका कपाटात जाते. बाईंनी त्या पुस्तिका बाहेर काढायला लावल्या. एकानं करून बघायचं, बाकीच्यांनी बसून बघायचं. पोरं वाचायला लागली. नितीनची मुलगी भाविका तर दिसेल ते वाचायची.

आता त्या संध्याकाळचं सांगतो. नितीन बोईसरला एका कंपनीत कंत्राटावर होता. साहेबानं त्याला एक कागद दिला. नितीनला वाटलं, कायम केल्याचा. त्याला वाचता येत नव्हतं. घरी आला, चार शेजाऱ्यांना बोलावलं, आणि मोठ्या कौतुकानं कागद भाविकाच्या हातात दिला. पोरीनं न अडखळता वाचला. पुढच्या महिन्यापासून कामावर येऊ नये.

कुणीतरी हसलं.

त्यानं पोरीला आत ओढलं. पट्ट्यानं मारलं, लाथांनी मारलं. शेजारीण बाईंना बोलवायला धावली. बाई आल्या आणि पोरीवर आडव्या पडल्या. अडसराचा पहिला घाव हातावर बसला, हाड मोडलं. दुसरा डोक्यावर. भाविका म्हणते, बाबा एकच ओरडत होता. नीट वाच. नीट वाच.

मंडळी, हे शब्द माझे आहेत.

पंचवीस वर्षांपूर्वी नितीन माझ्याच वर्गात होता. तोही ‘हाय’ वाचायचा. ‘नीट वाच’ म्हणत मी त्याचं तोंड बाकावर आपटलं होतं, ओठ फाटला होता. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. मी हजेरीत ‘सतत गैरहजर’ लिहिलं आणि विसरून गेलो.

त्याचा गुन्हा त्याचा. कोर्ट शिक्षा देईल, द्यायलाच हवी. माझ्या गुन्ह्याला कोर्ट नाही, म्हणून तुमच्यापुढे बोललो. उठून कुणी माझ्या तोंडात मारली, तरी मी हात आडवा करणार नाही.

पण काल काही पोरांनी नितीनच्या घरावर दगड टाकले. आज घर पेटवायची भाषा कानावर आली. आत त्याची म्हातारी आई आहे. आणि काही पालक मला म्हणाले, ती पोरगी आमच्या पोरांत नको.

बाईंना अग्नी दिला, तिथून परतताना दिलीपराव माझ्याशी एकच वाक्य बोलले. “गुरुजी, भाविका शाळेत येणार ना?” ज्याची बायको गेली तो हे विचारतो. आणि आपण?

भाविका केळव्याला मामाकडे आहे. सोमवारी मी तिला आणायला जातोय. ती माझ्या वर्गात बसेल. शनिवारचे तास चालू राहतील, पहिला माझा. कुणीही येऊन बघा.

आता बाईंसाठी दोन मिनिटं उभं राहायचं आहे. थांबा, लगेच उठू नका. ज्यांनी येताना खिशात दगड आणलेत, त्यांनी ते आधी खाली ठेवा.

मी वाट बघतो.

ठेवलेत? आता उठा.