तिसऱ्यांदा कोण विचारणार?

हॅलो? … हो, अर्लीनच. दुसरं कोण उचलणार, ड्वेन? त्याच्या शेजारी फोन बोंबलून मेला तरी तो म्हणेल, तुझाच असेल … नाही गं, कामात नाही. म्हणजे आहे, पण हातही चालतो आणि तोंडही चालतं. उद्या चर्चमध्ये त्या ऑस्कर लिंडग्रेनच्या मयताचं जेवण आहे ना, हॉटडिश माझ्याकडे आलीय. खिमा झाला परतून, वरून बटाटे लावतेय, मग ओव्हनमध्ये … हो, हो, मशरूमचं सूप घालूनच. मयताला कोण नवीन पदार्थ करतं?

अगं तेच सांगायला सकाळी फोन केला होता. कुठे उलथली होतीस? … सूटकेस? कसली सूटकेस? … सेल होता म्हणून. निळी. चाकांची … आणि तू कुठे निघालीस गं? … कुठेच नाही, घरात असावी म्हणून. आणि पासपोर्टही करून घेतलास. तोही घरात असावा म्हणून … बरं, बरं, छान केलंस. ऐक आता.

आमच्या पोर्तुगालच्या सहलीचा पार विचका झाला … नाही, रद्द नाही. त्याहून वाईट. रोझॅन येतेय.

रोझॅन गं. शेजारची. न्यू जर्सीहून आलेली, लेकीजवळ राहायला म्हणून … हां, तीच, लाल चष्मेवाली, केस कापायचं दुकान होतं जिचं. ती येतेय आमच्याबरोबर. मी, ड्वेन आणि रोझॅन. तिघांचा मधुचंद्र … हसू नकोस … मार्लीस, हसू नकोस म्हणते ना.

मी कशाला बोलवू? ड्वेननं बोलावलं. परवा बर्फ पडला ना, तर हा आपला रस्ता साफ करून तिचा करायला गेला. आता आयुष्यभर काउंटीच्या बर्फ काढायच्या गाड्या फिरवल्या याने, रिटायर झाला तरी पांढरं दिसलं की हात शिवशिवतात. तिनं सहज विचारलं, हल्ली काय करता घरी बसून? हा म्हणाला, पोर्तुगालचं बघतोय. ती म्हणाली, मला किती वर्षांपासून जायचंय तिकडे. आणि हा म्हणाला, मग चला की आमच्याबरोबर.

… हो ना, म्हणतोच आपण असं. म्हणायचंच असतं. मीही म्हटलं असतं. मग पुढच्यानं म्हणायचं, नको नको, कशाला, तुम्ही दोघं जा. आपण म्हणायचं, अहो चला हो, काय होतंय. त्यानं परत म्हणायचं, छे, छे, तुम्हाला उगीच अडचण. मग दोघांनी आभाळाकडे बघायचं, यंदा थंडी हटतच नाही म्हणायचं, आणि आपापल्या घरात जायचं. तिसऱ्यांदा विचारलं तरच ते खरं बोलावणं. मिनेसोटात शेंबड्या पोरालाही कळतं हे … आणि ती म्हणाली, हो. पहिल्याच फटक्यात. हो, कधी निघायचं?

मला काय माहीत न्यू जर्सीत कसं असतं? विचारलं की हो म्हणत असतील नाहीतर नाही म्हणत असतील. रानटी कुठले … अगं त्या दिवशी लिंबाच्या वड्यांचं नाही का झालं? चर्चमध्ये? … तू नव्हतीस? ताटात एक वडी उरली. कॅथलीननं अर्धी घेतली, अर्धी ठेवली. मी त्या अर्ध्यातली अर्धी घेतली. शेवटी नखाएवढा तुकडा राहिला, सगळ्या त्याच्याभोवती उभ्या, कुणी हात लावीना. ही आली, टपकन तोंडात टाकला, आणि विचारते, अजून आहेत का?

… सांगून टाक म्हणे. तू सांगितलं असतंस? … मग? आपल्या आईनं कधी कुणाला तोंडावर नाही म्हटलंय का? दारावरच्या विक्रेत्याकडून विश्वकोश घेतला, आणि दुसरा आला तेव्हा तोच विश्वकोश परत घेतला. बिचारा एवढा चालत आला, म्हणाली. त्या आईच्या लेकी आपण … नाही, सुचवलं ना मी. काल कॉफीला आली तेव्हा म्हटलं, तिकडे हॉटेलच्या खोल्या फार लहान असतात म्हणे. म्हणाली, मी कोपऱ्यात पडेन. म्हटलं, ड्वेन घोरतो. म्हणाली, माझ्याकडे कानात घालायचे बोळे आहेत, तुलाही आणते. आता याच्यापुढे माणसानं काय करायचं?

… ती वाईट नाहीये गं. मी कुठे वाईट म्हणतेय? मला फक्त त्याच्याबरोबर जायचं होतं. दोघांनीच … हो, लग्न झाल्यावर गेलो होतो ते डुलुथ. एक रात्र. तीही पूर्ण नाही. वादळ आलं आणि साहेबांना ड्यूटीवर बोलावलं, माझा मधुचंद्र बर्फ काढायच्या गाडीत बसून घरी आला. तेव्हापासून ऐकतेय, रिटायर झालो की. रिटायर झालो की जाऊ, रिटायर झालो की बघू. आता झालो की दोघंही. आणि टूरबरोबर मला मुळीच जायचं नाही. चर्चची मंडळी गेली होती ना नॉर्वेला? पुढे झेंडा धरलेली बाई, मागे आपलेच लोक, दिवसभर आपल्याच आडनावाच्या पूर्वजांची थडगी बघितली आणि रात्री उकडलेला मासा खाल्ला. त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? मला कुठलं तरी स्टेशन चुकायला हवंय. कुणी वाट बघत नसलेल्या गावात उतरून, याचा हात धरून, जेवायला काय मिळतं ते शोधायचंय. एवढंच. फार आहे का?

… प्लॅनिंग? प्लॅनिंगचं नाव काढू नकोस. जेवायच्या टेबलावर लिस्बन पसरलंय, आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो. चढ कुठे, उतार कुठे, वळायला जागा कुठे, सगळं रंगीत पेन्सिलींनी. बायकोला फिरायला नेतोय की रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकायला निघालाय, कळत नाही. भाड्याच्या गाडीवाल्याला फोन करून विचारलं, बर्फाचे टायर मिळतील का. मे महिन्यात. पोर्तुगालमध्ये. त्या माणसानं महिना परत विचारून घेतला म्हणे … तिकिटं? नाही, तिकिटं अजून नाही काढली. बसतो ना काढायला, दर रविवारी बसतो. मग म्हणतो, भाडं उतरेल. मग म्हणतो, खिडकीजवळ बसायचं की वाटेजवळ, याचा नीट विचार करू. या रविवारी म्हणाला, रोझॅनला विचारून घेऊ.

… काय? … काहीतरीच काय बोलतेस. जायचं नसतं तर एवढे नकाशे कशाला केले असते? … विचारलंय मी. एकदा नाही, हजारदा विचारलंय. चालेल म्हणतो … अगं ड्वेनचं तेच असतं. पोटाचं ऑपरेशन करायचं म्हणाले तेव्हाही डॉक्टरला चालेल म्हणाला होता … हो, लग्नाचंही मीच विचारलं होतं. चालेल म्हणाला. झालंच ना लग्न? … मग? तू उगीच माझ्या डोक्यात किडा सोडू नकोस.

थांब. दार वाजतंय … तीच आहे. अगं बाई, हातात लॅपटॉप आहे. तिकिटं काढायला आलीय ती. मार्लीस, फोन ठेवू नकोस. मी इथे ओट्यावर ठेवते, पण तू ठेवू नकोस.

ये, ये रोझॅन … नाही, बहीण आहे फोनवर, तिला काही नाही होत … हो, मयताची … चाखून बघ की … हो, आहे थोडं अळणी, सगळ्यांना चालावं म्हणून … तिकिटं. आजच. हो, चांगलीच कल्पना आहे … पासपोर्ट ना, असेल कुठेतरी, ड्वेनला विचारायला … नाही, म्हणजे काय आहे, मे महिन्यात तिकडे गर्दी असते म्हणे. आणि तुझ्या लेकीला तुझी गरज … नाही का? बरं … हो, तीन जागा शेजारी शेजारी मिळत असतील. तू मध्ये बसणार? … रोझॅन. रोझॅन, जरा मिटव ते. आम्हाला दोघांनाच जायचंय. मी आणि ड्वेन. तू नको … हो. खरंच. आधीपासूनच … माफ कर गं … बरं … बरं, घालते मिरी.

हॅलो? मार्लीस, आहेस का? ऐकलंस? … बोलले. मी बोलले गं. बसते मी … काय म्हणणार, म्हणाली, मग आधीच का नाही सांगितलंस? मी काल बॅग भरायला घेतली होती. बस. रागावली नाही, रुसली नाही. वर म्हणाली, हॉटडिशमध्ये मिरी घाल, मेला असला तरी तो एकटाच मेलाय, बाकीच्यांना चव कळते … मी खिडकीतून बघतेच आहे. तिच्या दारात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतेय. रडत नाहीये. गाणं म्हणतेय.

अगं किती सोपं असतं हे. आपल्याला कुणी सांगितलंच नाही. आई गेली बिचारी दोन दोन विश्वकोश घेऊन … थांब, ड्वेन आला गॅरेजमधून. आता त्यालाही सांगते. नको, धर फोन, एक मिनिट.

ड्वेन, ऐक. रोझॅन येत नाहीये … मी सांगितलं तिला. आपण दोघंच जायचं, ठरलं होतं तसं … अरे म्हणजे काय? तोंड का पडलं तुझं? … नाही, तिला वाईट नाही वाटलं. तुला का वाटतंय? … ड्वेन, इकडे बघ. बूट नंतर काढ. तुला पोर्तुगालला जायचंय का? … चालेल नको. चालेल मी खूप ऐकलंय. हो की नाही? … मी थांबते. बोल तू.

…

हो. आहे मी मार्लीस. फोनवरच आहे.

नाही म्हणाला.

… नाही म्हणजे नाही. विमानात पाय ठेवायचा नाही म्हणतो. रिटायर झालो की म्हणायचा तेव्हाही नव्हता ठेवायचा, आताही नाही. विमानाची भीतीच वाटते म्हणे. नकाशे करायला आवडलं, म्हणतो. नकाशे छान झालेत, म्हणतो … आणि पुढचं ऐक. रोझॅनला त्यानं मनापासून बोलावलं होतं. ती हो म्हणाली तेव्हा त्याला इतकं हायसं वाटलं, म्हणतो. तुला सोबत झाली असती, आणि ऐनवेळी मी पाठ दुखतेय म्हणून घरीच राहिलो असतो. अख्ख्या जन्मात या माणसानं एक गोष्ट खरीखुरी विचारली, आणि मी समजले, रीत पाळतोय.

… गेला परत गॅरेजमध्ये. माझा खांदा थोपटला आणि गेला … वाईट वाटतंय का म्हणजे? वाटतंय. फार वाटतंय. माझा हात धरायचं तेवढंच होतं गं, बाकी पोर्तुगाल गेलं चुलीत … हो, रडतेय. रडू दे मला, कुणाच्या बटाट्यात नाही पडत … नाही, त्याच्यावर नाही चिडले. म्हणजे चिडलेय. पण बिचाऱ्यानं नाही म्हटलं तरी. मला वाटतं पहिल्यांदाच. चेहरा असा झाला होता, कुणी पाठीवरचं ओझं काढून घ्यावं तसा.

… रद्द? रद्द का करायचं? त्याला जायचं नाहीये. मला जायचंय … हो, जाणार. त्याचेच नकाशे घेऊन जाणार, चढ-उतार सगळे आहेत त्यात … एकटीनं कशाला? … हो, ऐकतेय … हो, तुझी सूटकेस निळी आहे, सांगितलंस तू … हो, पासपोर्टही.

मार्लीस, मी एक विचारते. नीट ऐक, एकदाच विचारतेय. तू येतेस माझ्याबरोबर?

…

नको नको, कशाला? … असं म्हणालीस? … माझी अडचण कशाला तुला, म्हणतेस. बरं … नाही, ऐकलं मी. तुला नको आहे … नाही गं, मी कशाला परत विचारू? … गप्प? मी कुठे गप्प आहे, तूच गप्प आहेस. कशाची वाट बघतेयस? … मला तरी नको असंच ऐकू आलं.

बरं तर. यंदा थंडी हटतच नाही, नाही का? … ठेवते हं. नाही, नाही, ठेवतेच, तिची गाडी सुरू झाली … रोझॅन. ए रोझॅन. थांब जरा, जाऊ नकोस.