जावई दिसायला कसा

(सन १९७६. कोल्हापूरहून एसटीनं तीन तासांच्या वाटेवर, राखीव जंगलाच्या तोंडाशी असलेला नाका. खाली दरीत नदी. भर दुपार.)

ज्ञानू : न्हाय, ‘सहज’ असं लिवता येत न्हाय की वहीत. लोक गवं बघाय येत्यात, न्हायतर मटणाचं डबं घिऊन टोळीनं येत्यात. तुमी एकलंच आलासा, आन ह्या वयात. कारण काय लिवू?

अंबादास : नदी बघायला, असं लिहा.

ज्ञानू : मग तसं सांगायचं की पावणं. नाव?

अंबादास : अंबादास इनामदार. कसबा बावडा. निवृत्त शिक्षक.

ज्ञानू : मास्तर हाईसा व्हय? बसा, बसा. नदी काय पळून जात न्हाय. फकस्त पाचच्या गाडीला माघारी या. तिच्यामागं गाडी न्हाय.

अंबादास : चार वर्षांपूर्वीही शेवटची गाडी पाचचीच होती का?

ज्ञानू : व्हय. का वो?

अंबादास : नाक्यावर तेव्हा तुम्हीच होता. ज्ञानू नाव ना तुमचं?

ज्ञानू : माझंच. तुमास्नी कुणी सांगितलं?

अंबादास : दुष्काळाच्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या शनिवारी, इथं एक मुलगी एकटी आली होती. नंदिनी. चोवीस वर्षांची. शाळेत चित्रकला शिकवायची. खांद्याला शबनम, काखेत कागद लावायची फळी. नदीचं चित्र काढून संध्याकाळी परत येते, म्हणाली होती. मी तिचा बाप.

ज्ञानू : विठे, च्या टाक गं. लांबचं पावणं हाईत.

अंबादास : घाबरू नका. तक्रार घेऊन आलेलो नाही. उलट तुमच्या एका वाक्यावर आमचं घर चार वर्षं उभं आहे.

ज्ञानू : माझ्या?

अंबादास : तुम्ही हवालदाराला सांगितलंत, मुलगी पाचच्या गाडीत बसून गेली, बरोबर एक माणूस होता. माझा मेव्हणा आला होता त्या वेळी हवालदाराबरोबर. त्यानं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

ज्ञानू : तुमी न्हाय आलासा तवा?

अंबादास : मी कशाला येतोय? दुसऱ्या दिवशी, रविवारी, सांगलीचे लोक तिला बघायला यायचे होते. आदल्या दिवशी ही म्हणते, नदीवर जाते. मी नको म्हणालो. तर म्हणाली, दादा, एक दिवस तरी माझा मला द्या. आणि मेव्हण्यानं हे असं सांगितल्यावर मला काय वाटणार? पळाली. मी उठलो, न्हाणीत गेलो आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

ज्ञानू : तिच्या नावानं आंगूळ केलासा?

अंबादास : केली. गल्लीत ताठ मानेनं सांगितलं, आम्हाला मुलगी नव्हतीच. फोटो काढून टाकला भिंतीवरचा. तेव्हा वाटायचं नाक कापलं गेलं. आता या वयात नाकाचं काय लोणचं घालायचंय? कुठंतरी चूल पेटवत असेल, मुलावर खेकसत असेल. माझ्यावर गेलीय, खेकसणारच. पळून गेली म्हणजे जिवंत आहे, हे समजायला मला दोन वर्षं लागली बघा. शिकवलं काय आयुष्यभर, कुणास ठाऊक.

ज्ञानू : च्या येतोय. जरा दम खावा मास्तर.

अंबादास : दम खायला वेळ नाही. आमच्या मंडळींच्या, कालिंदीच्या, पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, दिवाळी निघाली तर निघाली. परवा तिच्या ट्रंकेत मला पाच दुपटी सापडली. माझ्या चोरून शिवत होती, नातवंडासाठी. मी घडी घालून परत ठेवली. मग तीच म्हणाली, तुम्ही एकदा जाऊन या. नाक्यावरच्या त्या माणसाला विचारा, जावई दिसायला कसा होता. एवढं कळलं तरी पुरे, म्हणाली. म्हणून आलोय. सांगा.

ज्ञानू : चार वर्सं झाली. रोज शंभर तोंडं बघतो मी.

अंबादास : तुमच्या वहीच्या पानावर आज माझं एकट्याचंच नाव आहे.

ज्ञानू : आज कमी हाईत.

अंबादास : उंच होता? काळा, गोरा? टोपी होती? धोतर का पँट? काहीतरी आठवत असेल की हो.

विठाबाई : च्या घ्या दादा. आन नुसता च्या कशाला, भाकरी हाय, झुणका हाय. कवा निघालासा घरातनं? तोंड सुकलंय बगा. गूळ घ्या, आमच्या भावाच्या गुऱ्हाळाचा हाय.

अंबादास : ही वाटी...

विठाबाई : सवच्छ हाय दादा. चिंचंनं घासलीया.

अंबादास : तसं नाही हो. जरा तो गूळ भाकरीवर काढून घेतो. उजेडात बघू द्या. चष्मा... हां. ‘सौ. कालिंदी अं. इनामदार.’ खाली तारीख.

विठाबाई : तितं काय लिवलंय व्हय? मला वाटलं नक्शी हाय.

अंबादास : आमच्या लग्नातली वाटी आहे. सासऱ्यांनी बारा वाट्या दिल्या, सगळ्यांवर नाव घालून. अकरा घरात आहेत. बारावी नंदिनी रंगाच्या पाण्याला घ्यायची. हिचा नि तिचा त्यावरनं रोज वाद. तुम्हाला कुठं मिळाली?

विठाबाई : खालच्या डोहावर. खडकावर हुती, बुडाला निळा रंग वाळल्याला. ट्रिपवाली पोरं कायबाय इसरून जात्यात. चांगली पितळंची वाटी, म्हटलं टाकायची कशाला. अवो, तुमी का उठलासा?

ज्ञानू : तू आत जा.

अंबादास : विसरली असेल. गाडी चुकेल म्हणून घाईनं निघाली असेल. बरोबर तो माणूस होता, त्यानं घाई केली असेल. होय ना?

ज्ञानू : च्या निवतोय मास्तर. घ्या.

अंबादास : होय म्हणा की.

विठाबाई : कंच्या दिसाचं बोलतासा दादा?

अंबादास : दुष्काळाच्या वर्षी. दसऱ्यानंतरचा शनिवार.

विठाबाई : तवा हे हितं नव्हतंच की. आमच्या भाच्याचं जावळ हुतं. सकाळी पयल्या गाडीच्या मान्सांची नावं लिवली आन आमी दोघंबी दुपारीच गेलतो गावाकडं. रविवारी रातीला माघारी आलो. सोमवारी मी धुणं घिऊन डोहावर गेलते, तवाच घावली ही वाटी. व्हय की न्हाय वो?

अंबादास : ज्ञानू, मग पाचच्या गाडीत तिला बसताना कुणी बघितलं?

ज्ञानू : कुणी न्हाय.

विठाबाई : काय बोलतासा तुमी?

ज्ञानू : मास्तर, वहीत सकाळी नाव लिवायचं आन सांजच्याला फुडं ‘परत गेले’ लिवायचं, असा नियम हाय. मी जाताना सगळ्यांच्या फुडं लिवूनच गेलतो. सगळीच जात्यात की माघारी. आजपातूर कोण ऱ्हायलं न्हवतं. मंगळवारी हवालदार आला. वही बघितली. म्हणला, परत गेली म्हण की. मी म्हणलो, व्हय. म्हणला, कोणतरी असंल की संगं, तरणी पोर एकली कशाला येतीया? मी मान हालवली. तेवढंच केलं मी. नुसती मान हालवली.

अंबादास : आणि डोहावर?

ज्ञानू : हवालदार गेल्यावर मला कळ निघंना. मी खाली गेलो. जरा वरच्या अंगाला, करवंदीच्या आड फळी हुती. चपला हुत्या.

अंबादास : कशा होत्या चपला?

ज्ञानू : कशा म्हंजे?

अंबादास : विस्कटलेल्या होत्या, का नीट काढून ठेवलेल्या?

ज्ञानू : नीट. देवळाभायेर काढून ठिवत्यात तशा.

अंबादास : पाण्यात पाय सोडून बसायची तिला सवय होती. रंकाळ्यावर गेलो तरी तेच. पाय घसरला असेल. किंवा रविवारी ते सांगलीकर येणार होते, म्हणून... कोण सांगणार आता? डोह खोल आहे?

ज्ञानू : दुष्काळातबी आटला न्हाय. खाली धरणाचं पाणी लागतंय. मी फळी आन चपला पाण्यात टाकल्या. नोकरी गेली असती मास्तर. पोलिसानं मलाच धरलं असतं.

विठाबाई : चार वर्सं मी त्या वाटीत मीठ ठिवलं. लोणी ठिवलं. देवाला निवद दावला. तुमी एका शब्दानं बोलला न्हाईसा.

ज्ञानू : मला वाटी ठाव न्हवती गं.

विठाबाई : पोरगी तर ठाव हुती.

अंबादास : राहू द्या बाई. भांडून काय उपयोग? रागानं अंघोळ केली मी, ती बरोबरच होती म्हणायची. तेव्हाच खरं रडून केली असती, तर पिंड तरी मिळाला असता पोरीला. बापानं पाणी दिलं तेही शिवी म्हणून दिलं.

विठाबाई : वाटी घिऊन जावा दादा. आईला द्या.

अंबादास : नको. ही वाटी बघितली की तिला सगळं कळेल. तुमच्याकडंच असू दे. ज्ञानू, डोहाकडं वाट कशी जाते?

ज्ञानू : मी तुमास्नी एकलं सोडत न्हाय. काय करायचं त्ये करा, कोर्टात न्या मला. पर एकलं सोडत न्हाय.

अंबादास : जीव द्यायला आलेलो नाही. घरी बाई वाट बघत बसलीय अंथरुणात. तिला आज रात्री काहीतरी सांगायला लागणार मला. बघून येतो, मग बसू.

ज्ञानू : मग मीबी येतो. चला.

विठाबाई : काठी घ्या दादा. उतरण हाय.

अंबादास : हाच का डोह? पाणी हिरवं आहे हो. वरनं निळं दिसत होतं.

ज्ञानू : दुपारी हिरवंच दिसतंय.

अंबादास : सुंदर आहे जागा. मी तिला कधी कुठं नेलं नाही. सुट्टीत सुद्धा वह्या तपासत बसायचो. इथं बसली असेल ना?

ज्ञानू : त्या खडकावर.

अंबादास : ज्ञानू, तो माणूस दिसायला कसा होता?

ज्ञानू : मास्तर, माणूस न्हवताच. आताच सांगितलं की तुमास्नी.

अंबादास : ऐकलं मी. तरी सांगा. मला काही सुचत नाही. मी कधी खोटं बोललो नाही कालिंदीशी, मला जमायचं नाही. ती लगेच ओळखेल. तुमच्या तोंडचं असलं तर मी नुसतं सांगेन, तुम्ही असं म्हणालात.

ज्ञानू : एकदा बोललो, त्येचं काय झालं बघताय नव्हं? पुना नगा बोलाय लावू मला.

अंबादास : तेव्हा स्वतःसाठी बोललात. आता तिच्यासाठी बोला. दिवाळीपुरतंच.

ज्ञानू : उंच हुता.

अंबादास : माझ्यापेक्षा?

ज्ञानू : जरा उंच. सावळा. पांढरा सदरा हुता. शिकल्याला दिसत हुता.

अंबादास : पोराबाळांचं करील असा?

ज्ञानू : व्हय. तिची पिशवी त्येच्याच खांद्याला हुती. गाडी आल्यावर आदी तिला चढवली, मग त्यो चढला.

अंबादास : आणि खिडकीला कोण बसलं?

ज्ञानू : बाई बसल्या.

अंबादास : होय. तिला खिडकीच लागायची.