उसन्या श्वासावरचं नाक

कट्ट!

पुडीला दोरा गुंडाळून झाला की आमचा वाणी बोटाला हिसका देऊन तो तोडायचा, त्याचा हा आवाज. साठ वर्षं होऊन गेली, तरी कुणी माझं कौतुक करू लागलं की कानात आधी तोच वाजतो. आजही वाजला आणि शिष्टाचार मागे राहिला. तो आता पुरा करतो.

या सत्कार समारंभाच्या माननीय अध्यक्ष महोदया, आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, यंत्रावरचे, गोदामातले, कचेरीतले माझे सोबती आणि मागच्या रांगेत बसलेली माझी घरची मंडळी, सर्वांना या म्हाताऱ्याचा नमस्कार.

एक विनंती आहे. आपल्या प्रत्येकाच्या मांडीवर खाऊचा डबा आहे. माझं बोलणं संपेपर्यंत त्याचं झाकण उघडू नका. ज्यांनी उघडलं असेल त्यांनी निदान खाऊ नका. हसताय? हसा. थोडा वेळ हसून घ्या.

तर तो वाणी. त्याच्याकडे रद्दी यायची शाळेतली. जुन्या वह्या, फाटकी क्रमिक पुस्तकं. साखर संपली की आई पुडीचा कागद मला द्यायची, कारण मी तो वाचायचो. असाच एकदा एका कवितेचा अर्धा भाग हाती आला. संध्याकाळ होती, नदी होती, पलीकडून कुणीतरी हाक मारत होतं, आणि तिथेच कागद फाटलेला. उरलेली अर्धी कविता कुणाच्या तरी घरी मीठ बांधून गेली. हाक कुणाची होती, हे मला आजवर कळलेलं नाही. शाळेतल्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "बाळ, आधी गणित कर."

त्या कागदाचे कुणी जास्त पैसे मागितले नाहीत आणि कुणी दिलेही नाहीत. शाईचा वास साखरेला लागायचा, आम्ही तो साखरेचाच समजायचो. त्या वासानेच बहुधा मला या धंद्यात आणलं.

पाहुण्यांसाठी सांगतो. आपण लोकांनी वापरून टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या धुतो, त्यांचा चुरा करतो, वितळवतो आणि खाण्याचे नवे डबे बनवतो. प्रत्येक खेपेतले तुकडे काचेच्या बरणीत बंद करून कोमट पेटीत ठेवले जातात. मग दोन माणसं बरणी उघडून हुंगतात आणि कागदावर लिहितात, वास आहे की नाही. मध्ये लाकडी फळी असते, एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून. दोघांचं जमलं नाही तर ज्येष्ठाचं मत धरायचं. ज्येष्ठ मी. तुम्ही मला नाकसाहेब म्हणता. फळीपलीकडे नाकताई.

त्या आज इथे नाहीत. त्यांना बोलावलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानाबाहेर टेबल मांडून आपण पाहणी केली होती, आठवते का? टेबलावर तीन डबे. एक नव्या मालाचा, पांढराशुभ्र. दुसरा आपला, जरा करडा. तिसराही आपलाच, पण त्यावर शिक्का: 'माणसाच्या नाकाने तपासलेला'. पाहणी करणारी मुलगी प्रत्येकाला विचारत होती, "याच्यासाठी किती जास्त द्याल?" मी आपला खांबाआड उभा. नुसत्या करड्या डब्याला एक गृहस्थ म्हणाले, "आमचाच कचरा आम्हाला विकता, वर जास्त मागता? उलट तुम्हीच काहीतरी द्या!" लोक खो खो हसले. मग एक बाई आली, कडेवर तान्हं मूल. तिने शिक्का दोनदा वाचला.

"खरंच माणसाने हुंगलाय?"

"हो, खरंच."

"मग घ्या जास्त. यंत्राला कुठे पोरंबाळं असतात?"

दिवसभर तसंच चाललं. पांढऱ्या डब्याला देतील त्याहून जास्त पैसे लोक शिक्क्याच्या डब्याला द्यायला तयार होते. साहेब, तुम्ही त्या दिवशी माझी पाठ थोपटून म्हणालात, "नाकसाहेब, लोक डब्याचे नाही, तुमच्या नाकाचे पैसे देतायत!"

त्याच्या आदल्या हिवाळ्यात मला मोठा ताप आला होता. ताप गेला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. चहा म्हणजे गरम पाणी, साबण म्हणजे गुळगुळीत दगड. हिच्या केसांचा वास चाळीस वर्षं ओळखीचा, तोही गेला. पाहणीच्या दिवशी खांबाआड उभा होतो तेव्हा मला कसलाही, कसलाही वास येत नव्हता.

आता तुम्ही हसत नाही.

मग चार वर्षं काम कसं केलं? कानाने केलं. फळीमुळे ताईंचं तोंड दिसत नसे, पण श्वास ऐकू यायचा. बरणी निर्मळ असली की श्वास सरळ आत जायचा, कवितेची ओळ म्हणताना जातो तसा. वास असला की मध्येच अडायचा. तो अडला की मी लिहायचो, 'वास आहे'. एकदाही चुकलो नाही. तुम्ही म्हणत होता, काय दोघांची नाकं जुळली आहेत!

तीन महिन्यांपूर्वी आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे नवं दाबयंत्र सुरू झालं. धड, धड, धड. त्या सकाळची खेप होती सातशे चौदा. बरणी उघडली. मी कान दिला. धड, धड, एवढंच. श्वास नाही. तेव्हा उठून सांगायला हवं होतं. मी लिहिलं, 'वास नाही'.

फळीपलीकडे ताईंनी लिहिलं होतं, 'रॉकेल'.

त्या माझ्याकडे आल्या. "दादा, पुन्हा हुंगा ना. कुणीतरी रॉकेल ठेवलेल्या बाटल्या चुऱ्यात गेल्यात." मी पुन्हा हुंगल्यासारखं केलं. म्हणालो, "ताई, थकलात तुम्ही. थोडे दिवस रजा घ्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत इथे चेष्टा चालली, नाकताईंचं नाक आता मनाने हुंगायला लागलंय म्हणून. त्या चेष्टेत मीही हसलो. महिनाअखेरीस त्यांनी राजीनामा दिला. बाहेरून निर्मळ दिसणारी ती खेप गोदामात पडून राहिली, मागाहून तिचे डबे झाले.

परवा मी नमुन्याचे दोन डबे घरी नेले. सुनेने नातीसाठी फळं चिरून एकात ठेवली. नातीने डबा ढकलून दिला. सून म्हणाली, "बाबा, यात रॉकेल ठेवलं होतं का कुणी?" मी म्हणालो, "नव्याचा वास असतो गं, जाईल." ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला येत नाही?"

सूनबाई, तू मागे बसली आहेस. तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देतो. नाही येत.

आज दुपारी मी हॉलमध्ये आलो तेव्हा खुर्चीखुर्चीवर खाऊचे डबे मांडून झाले होते. सवयीने एक उलटा केला. आपणही बुडाशी पाहा. बारीक अक्षरात आहे. सातशे चौदा.

थांबा, गडबड करू नका. दुसऱ्या रांगेतल्या बाईंनी झाकण जरासं उचललंय, त्यांचा रुमाल नाकाशी गेलाय. त्यांच्या शेजारच्यांनी डबा खाली ठेवला. ती बघा, खिडकीकडची मुलं एकमेकांकडे बघतायत. मला वास येत नाही, पण इतक्या वर्षांत हे वाचायला शिकलोय. माझ्यासाठी आज हा सगळा हॉलच फळीपलीकडे बसलाय, आणि श्वास अडलेला मला ऐकू येतोय.

उरलेली खेप कुठे आहे? मागच्या फाटकाशी गाडी धडधडतेय, ती ऐका. खोकी चढतायत. लहान बाळांचं खाणं भरणाऱ्या कारखान्याकडे निघाली आहेत. प्रत्येक डब्यावर शिक्का आहे. ज्यांनी त्या शिक्क्यासाठी जास्त द्यायचं कबूल केलं, त्यांच्याच घरी तो जाणार आहे. कडेवरच्या त्या मुलासारखी मुलं त्यातलं खाणार आहेत. साहेब, तुमच्यासमोर फोन आहे. फाटकावर एक शब्द सांगा. मी दुपारी तुमच्या खोलीत येऊन हेच सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आज तुमचा दिवस आहे, उद्या बोलू." उद्या गाडी पोचलेली असेल. साहेब? खाली का पाहताय?

बरं. माझं बोलणं लांबलं. आपण ही शाल दिलीत, हे मानपत्र दिलंत, त्यात 'अचूक' हा शब्द तीनदा आला आहे. आपल्या प्रेमाबद्दल मनापासून आभार. शाल ठेवून घेतो, मानपत्र इथे टेबलावर ठेवतो. बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर म्हाताऱ्याला पदरात घ्या. बाकीच्या चुकीची क्षमा मी आपल्याकडे मागत नाही, ती आपल्या हातची नाही. आता मी स्वतःच फाटकाकडे जातो. गुडघे साथ देतील तितक्या...

थांबा.

इंजिन बंद झालं. ऐकलंत? मी कुणालाही पाठवलं नव्हतं. साहेब, तुम्हीही जागचे हलला नाहीत.

मागचं दार वाजतंय. कुणी उघडता का? हो, कडी काढा.

गाडीवाला आहे, किल्ली हातात घेऊन. आणि त्याच्या पुढे... ताई? तुम्हाला तर आम्ही बोलावलंसुद्धा नव्हतं. ती सातशे चौदाची बरणी अजून जपून ठेवलीत?

वाट द्या त्यांना. या ताई, माइक घ्या. माझ्याकडचा कागद इथपर्यंतच होता.