रोज उतरणारी बॅटरी

आमच्या जीपची बॅटरी रोज का उतरायची, ते मेकॅनिकला नाही कळलं, मला कळलं. ऐका. आमचे हे तेव्हा मांडवगणहून दौंडला प्रवासी न्यायचे, आणि रोज सकाळी जीप ढकलायला मी. शिरूरच्या मेकॅनिकनं दोनदा तपासून सांगितलं, "चार्जिंग बरोबर हाय, बॅटरीच गेली." झालं! हे माझ्या शेळीकडं बघत म्हणाले, "हिला बाजारात विकू, नवी बॅटरी आणू."

"माझ्या शेळीला हात तर लावून बघा!"

त्याच संध्याकाळी जीपमध्ये विसरलेली पिशवी आणायला गेले. किल्ली घरात खुंटीला. जीपवरची ताडपत्री उचलून बघते तर आत काचेखाली लावलेल्या खंडोबाच्या फोटोवर बल्ब लख्ख पेटलेला!

"अहो, किल्ली नसताना ह्यो कसा चालू?"

"डायरेक बॅटरीला जोडलाय मी. देवाला अंधारात ठिवायचं व्हय?"

"रातभर?"

"मग! एवढ्याशा दिव्यानं काय हुतंय?"

"मी रोज जीप ढकलते, ते हुतंय! आवो, जेजुरीत खंडोबालासुदिक शेजारती करून निजवत्यात. तुमच्याच देवाला रातपाळी कशापायी?"

ह्यांनी त्या रात्री वायर काढली, आणि सकाळी जीप पहिल्या चावीला सुरू. मग त्यांनी बल्बला बटण बसवलं. तेव्हापासून रोज गाडी लावली की आधी खंडोबाला हात जोडायचे, "माफ कर देवा, हिनं सांगितलंय," आणि मगच बटण बंद करायचे.