जहाजावरचा निरोप

अकोल्याहून निघालेल्या एसटीत जमुनाबाईला बाळापूर येईस्तोवर डुलकी काढायची होती. पण पुढच्या बाकावरचे दोघे शेतकरी गप्प बसतील तर शपथ!

"रहीमभाऊ, तुमची अमरीन काय करून राहिली सध्या?"

"परदेशात हाय, खुशालराव. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करते. जहाजावरच राहते."

"आन वारं जोरात सुटलं त?"

"काम बंद करते. तेच त तिचं काम!"

"चक्क्या वाऱ्याच्या, आन वाऱ्यालेच भेते?"

"अजी, एकेक पातं या एसटीहून कितीतरी लांब. क्रेनले लटकलं असताना वारं फिरलं त खालचे मानसं गेले ना! अमरीननं हात वर केला का अख्खं जहाज थांबते. मोठमोठे सायेब बी चूप."

"हे शिकली कुठं?"

"आपल्याच वावरात! मी फवारनीले निघालो का लहानगी अमरीन कापूस उडवून पाहे. कापूस उडाला का माहा पंप खाली. वाऱ्यानं औषध नाकातोंडात जाते म्हने."

"आन आता?"

"आता फोनवर इचारते, 'अब्बा, झाडं हालून राहिले का?' हालले का फवारनी बंद."

"तुमी ऐकता?"

"जहाज ऐकते, मी कोन लागून गेलो?"

दोघंही खो खो हसले. जमुनाबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याकडचे कडुनिंब गदागदा हलत होते. तिनं घाईघाईनं नवऱ्याला फोन लावला.

"आवो, पाठीवरचा पंप खाली ठेवा. आज फवारनी नोका करू."

"काहून? कोनं सांगतलं?"

"जहाजावरून निरोप आला."